दर वर्षी आम्हीच का?

ऑगस्ट 2024मधला शेवटचा गुरुवार, दुपारचे पावणेचार. पोलीस ठाण्याच्या आवारातल्या सभागृहाबाहेर चपलांचा ढीग पडला आहे. भुरभुर सुरू झाल्यामुळे शिपाई त्या चपला पायानेच वळचणीखाली सरकवतो आहे. गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. सभागृहाच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर 2019च्या महापुराची रेघ आहे. यंदा तिच्यावर रंग दिला होता, पण ओल फुटून ती पुन्हा वर आली आहे. चारला शांतता कमिटीची बैठक आहे. गणपती 7 सप्टेंबरला बसणार आहेत.

व्हरांड्यात मात्र अजून गणपतीचं कुणी काढत नाही. बोलणं मालवणचं चाललं आहे. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा सोमवारी कोसळला. डिसेंबर 2023मध्ये नौदल दिनाला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं. काल त्याच किल्ल्यावर दोन पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांच्या अंगावर गेले. इथे खांबाला टेकून दोघं जण बोलताहेत. दोघं एकाच पेठेतले. जून 2022पर्यंत एकाच पक्षात होते, मग एक इकडे राहिला आणि एक तिकडे गेला. पहिला म्हणतो, "टीव्हीवर बगितलं आणि जेवण गेलं न्हाई." दुसरा म्हणतो, "आमच्या आईनं फोटोपुढं दिवा लावला, रात्रभर बसून हुती." मग तिसरं वाक्य येतं, "तुमच्या सरकारनं केलं हे." "नेव्हीनं बांधला पुतळा. सरकारचा काय संबंध?" "अनावरणाला बरा संबंध हुता!" मग खोके निघतात, मग गद्दार निघतात, आणि मिनिटभरात पुतळा कुठल्या कुठे राहतो. दोघांचं दुःख एकच आहे आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं होतं. तिथेच थांबले असते तर एकमेकांच्या खांद्यावर हात गेले असते, असं त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून वाटतं. पण आजूबाजूला दोघांचीही माणसं उभी आहेत आणि ती कान देऊन आहेत.

आत खुर्च्या मांडल्या आहेत. कुणी कुठे बसायचं हे कुणी सांगितलेलं नाही, तरी डावीकडे मंडळांचे अध्यक्ष आणि त्यांची पोरं, उजवीकडे मुस्लिम जमातीची माणसं आणि मधल्या रांगांत बाकी सगळे: तलाठी, महावितरणचे अभियंता, नगरपालिकेचे मुख्याधिकारी, दक्षता समितीच्या दोन बाई, सगळे माजी नगरसेवक. निवडणुकाच झालेल्या नाहीत, नगरपालिकेवर प्रशासक आहे, म्हणून यंदा सगळेच माजी. मी गावच्या वाचनालयाचा कार्यवाह म्हणून कमिटीवर आहे आणि मधल्याच रांगेत, खिडकीजवळ बसलो आहे.

पीआय साहेब उभे राहतात. तरुण आहेत, बदली होऊन आले त्याला वर्ष झालं नसेल. ते नियम सांगतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सवलतीच्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत परवानगी. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. नोटिसा सगळ्या मंडळांना जाणार आहेत. "पूर्वीची एकशे एकोणपन्नासची," ते म्हणतात, "1 जुलैपासून नवीन कायदा आलाय, आता तिला एकशे अडुसष्ट म्हणायचं." मागून कुणी तरी म्हणतं, "नंबर बदलला, नोटीस तीच." हसू फुटतं, तेही दोन्ही बाजूंनी. बैठकीतलं ते पहिलं एकत्र हसू.

ते फार टिकत नाही. उजवीकडून एक जण उठतो आणि विचारतो, 14 जुलैला विशाळगडाखाली गजापुरात घरं फोडली, मशीद फोडली, तिथली माणसं आमच्याइतकीच मराठी बोलणारी, त्यांचं कोण बघणार? प्रश्न खरा आहे. त्याचं शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत डावीकडून उत्तर येतं, "आणि औरंग्याचं स्टेटस कोण ठेवतं? जूनमध्ये कोल्हापूर कुणामुळं पेटलं?" तो जून गेल्या वर्षीचा, 2023चा. मग वक्फचं विधेयक येतं, भोंगे येतात, कुठल्या तरी महाराजांचं प्रवचन येतं, गोमांस येतं. प्रत्येकाकडे यादी तयार आहे. एकाने यादी वाचायला घेतली की दुसरा त्यातल्या एकाही ओळीला उत्तर देत नाही, स्वतःची यादी काढतो. ऐकताना लक्षात येतं, की माणसं समोरच्याकडे बघून बोलतच नाहीत. डावीकडचा पोरगा बोलताना मान किंचित मागे वळवतो. मागच्या ओळीत त्याचा मित्र मोबाइल उभा धरून चित्रीकरण करतो आहे. उजवीकडेही तेच. तिकडचा मोबाइल तर खांबाआडून डोकावतो आहे.

पीआय साहेबांच्या ध्यानात येतं. ते आवाज चढवत नाहीत. हवालदाराला सांगतात, "क्रेट आणा." बाहेर दुधाचं रिकामं प्लास्टिकचं क्रेट आहे, ते येतं. "सगळ्यांचे मोबाइल यात. माझाही." आणि ते पहिला स्वतःचा टाकतात. कुरकुर होते. एक माजी नगरसेवक म्हणतो, साहेब, महत्त्वाचा फोन यायचाय. "ठाण्याचा नंबर द्या त्यांना." क्रेट रांगांतून फिरतं आणि भरून टेबलाखाली जातं. आत एक-दोन वाजत राहतात, कुणी उठत नाही.

पुढच्या पाच मिनिटांत सभागृहाचा आवाजच बदलतो. पट्टी खाली येते. वाक्यं लांब होतात. मघाशी 'तुम्ही लोक' म्हणणारा आता 'चाचा, तुम्ही' म्हणायला लागतो. मतं कुणाची बदललेली नाहीत. पण चित्रीकरण चालू असताना जे बोललं जात होतं ते रात्री आपल्याच गटात फिरणार होतं, आपलीच पोरं त्याला अंगठे देणार होती. आता ऐकायला समोरचाच उरला आहे.

चाचा म्हणजे जमातीचे अध्यक्ष. सत्तरीचे, पांढरा सदरा, बाजारपेठेत बांगड्यांचं जुनं दुकान. गावातल्या निम्म्या लेकीसुनांचे हात त्यांना मापासकट माहीत. ते उठून आधी सगळ्यांना हात जोडतात आणि मग खरी अडचण सांगतात. 4 सप्टेंबरच्या संध्याकाळी चंद्र दिसला, तर ईद-ए-मिलाद सोमवारी, 16ला. नाही दिसला, तर मंगळवारी, 17ला. आणि 17ला अनंत चतुर्दशी आहे. "दोन मिरवणुका, एक पेठ," ते म्हणतात. "साहेब, चंद्र आमच्या हातात न्हाई. पण जुलूस आहे. सतरा आली, तर आम्ही अठराला काढतो. गेल्या वर्षी दोन्ही 28 सप्टेंबरला आलं होतं, महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी जुलूस 29ला काढला. सरकारनं सुट्टीसुद्धा 29ला केली."

डावीकडे माना डोलतात. कुणी तरी टाळी वाजवतं. पीआय साहेबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. बैठक इथे संपू शकते, आणि बऱ्याच गावांत ती इथे संपतेही.

तेवढ्यात उजवीकडच्या शेवटच्या रांगेतून एक पोरगा उठतो. पंचविशीचा, सूतगिरणीच्या निळ्या शर्टात, बाहीला कापूस चिकटलेला. "साहेब, मला विचारायचंय. गेल्या वर्षी आम्ही मागं सरलो. यंदा सरतो. दर वर्षी आम्हीच का?"

पहिला आवाज त्याच्याच बाजूने येतो. "खाली बस." चाचा न वळता हाताने खूण करतात. त्याच्या शेजारचा त्याचा शर्ट ओढतो. तो बसत नाही. "अठराला काढायला माझी ना न्हाई चाचा. काढू की. पण विचारायचं पण न्हाई व्हय?"

डावीकडे गलका होतो. "बघा, हे असं!" "पाकिस्तानात विचार जा!" पीआय साहेब टेबलावर हात आपटतात. ज्याने पाकिस्तान म्हटलं त्याला उभं करून ते एकच वाक्य बोलतात, पुन्हा बोललास तर बैठकीतून नाही, गुन्हा दाखल करून बाहेर जाशील. तो बसतो, पण त्याच्या भोवतीची पोरं त्याच्या पाठीवर थाप मारतात.

या गोंधळात गावचे जोशीबुवा उठतात. पंचांग त्यांच्याकडे पिढीजात आहे. त्यांना भांडणात रस नाही, हिशेबात आहे. ते सांगतात, की गेल्या वर्षी अधिक श्रावण आला आणि त्याने हे दोन सण जवळ आणून ठेवले. पुढचा अधिक महिना 2026मध्ये, ज्येष्ठात. तोवर चतुर्दशी आणि ही ईद अशाच लागून येणार. म्हणजे पुढच्या वर्षीही हाच प्रश्न. "तेव्हा पोरानं विचारलंय ते एक वर्षाचं न्हाई," बुवा म्हणतात आणि बसतात. त्यांनी कुणाची बाजू घेतली असं कुणालाच वाटत नाही. पण प्रश्न आता हाताने दाबून बसवण्यासारखा राहिलेला नाही.

आणि मग मेन पेठेतल्या मंडळाचा अध्यक्ष उठतो. पस्तिशीचा, दूध संकलन केंद्र चालवतो, मघाशी क्रेटही त्याच्याच टेम्पोतलं आलं होतं. सगळे त्याला दादा म्हणतात. तो म्हणतो, "त्याचा प्रश्न चुकीचा न्हाई."

त्याच्या मागच्या दोन रांगा एकदम हलतात. "दादा, कुणाकडनं बोलतोयस?" दुसरा कुणी तरी हळू, पण ऐकू जाईल असं म्हणतो, "मॅनेज झाला."

मला या बैठकीतलं हे वाक्य सगळ्यांत भयंकर वाटतं, 'पाकिस्तान'पेक्षाही. पाकिस्तान म्हणणाऱ्याला साहेबांनी थांबवलं, त्याच्यासाठी कायदा आहे. 'मॅनेज झाला' म्हणणाऱ्याला कुणी थांबवू शकत नाही. मन मोकळं ठेवायचं म्हणजे विरोधकाशी गोड बोलायचं, असं आपण समजतो. ते सोपं आहे. समोरच्याची एखादी गोष्ट बरोबर आहे हे आपल्या माणसांच्या देखत म्हणायचं, तेव्हा पाठीचं कातडं जाड लागतं. निळ्या शर्टाच्या पोराला पहिला विरोध त्याच्याच जमातीने केला, दादाला त्याच्याच मंडळाने. व्हरांड्यातल्या त्या दोघांनाही एकमेकांची भीती नव्हती, भोवतीच्या आपल्याच माणसांची होती.

दादाचे कान लाल झाले आहेत. तरी तो बोलतो. "गेल्या वर्षी मशिदीसमोर डॉल्बी किती वेळ थांबली? चाळीस मिनिटं. मी घड्याळ बघितलं. मारुतीच्या देवळासमोर किती? पाच. आता खरं सांगू का, मशिदीसमोर आम्ही ह्यांच्यासाठी थांबत न्हाई. मागं येणाऱ्या मंडळासाठी थांबतो. त्यांनी वीस मिनिटं वाजवलं, तर आमी तीस वाजवायचं. न्हाई तर पोरं म्हणतात, आपलं मंडळ मऊ पडलं. ते एका पक्षाचं, आम्ही दुसऱ्या. विधानसभा तोंडावर आली. दोन्ही पक्ष आपलेच, आणि शक्ती दाखवायला जागा सापडते मशिदीसमोरची."

मागच्या मंडळाचा अध्यक्ष उसळून उठतो. "आमचं नाव घ्यायचं काम न्हाई! आमची पोरं वर्गणी काढून गणपती बसवत्यात, पुढाऱ्याच्या पैशावर न्हाई!" दोघांत बाचाबाची होते. आता भांडण डावीकडेच चाललं आहे, उजवी बाजू नुसती बघते आहे. काहींना बरं वाटतं आहे, ते तोंडावर दिसतं. चाचा मात्र अस्वस्थ आहेत. त्यांच्याही जमातीत दोन गट आहेत, गावाला ठाऊक आहे, आणि गेल्या वर्षीच्या जुलुसात डॉल्बी आणायची की नाही यावरून ते दोन गट एकमेकांशी बोलेनासे झाले होते. चाचा ते इथे बोलत नाहीत. दादाइतकं उघड होणं त्यांना परवडणारं नाही, मला ते समजतं. संख्येने थोडे असलेल्यांना आपल्या घरातली भांडणं चारचौघांत मांडताना दहादा विचार करावा लागतो. दोन्हीकडून सारख्याच मोकळेपणाची मागणी करणं न्याय्य दिसतं, पण दोघांना त्याची किंमत सारखी पडत नाही.

कुणी तरी शांत करायला पुराचा विषय काढतं. 2019ला मशिदीत कोण राहिलं, देवळात कोण राहिलं, भाकऱ्या कुणी थापल्या. माना हलतात. तेव्हा पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज येतो, "पूर सोडा. पुरात सगळीच चांगली असत्यात. कोरड्यात कशी असत्यात ते बोला."

हे वस्ताद. ऐंशीच्या आसपासचे, कान कुस्तीने फुटून गाठाळलेले. त्यांच्या तालमीत मारुती आहे आणि शेजारच्या कोनाड्यात पीराचा पंजा. मोहरमला तालमीतलीच पोरं तो उचलतात. आमच्या भागाला हे नवं नाही. कडेगावचे उंच ताबूत बघायला अजून दोन्हीकडची माणसं लोटतात. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, वाळव्यातल्या गोटखिंडीतही. पण अशी उदाहरणं बैठकीत सांगितली की माणसं ती देवघरातल्या फोटोसारखी बघतात, नमस्कार करतात आणि आपल्या कामाला लागतात. वस्ताद ती सांगत नाहीत. मघाचा 'पाकिस्तान'वाला पोरगा त्यांना म्हणतो, "वस्ताद, तुमच्या तालमीत पीर हाय, तुमी त्यांचंच बोलणार." वस्ताद त्याच्याकडे वळतात. "व्हय, हाय. आणि तू दोन वर्षं तिथंच माती लावलीस. उठ. इकडं ये."

पोरगा पुढे येतो. वस्ताद निळ्या शर्टालाही बोलावतात. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे.

"हा काय म्हणाला, सांग."

"म्हणाला, मिरवणूक बंद करा."

"मी असं म्हणालो न्हाई," निळा शर्ट.

"पुन्यांदा सांग."

"म्हणाला, आमीच का ऐकायचं. म्हणजे आमी दादागिरी करतो."

"मी दादागिरी म्हणालो न्हाई."

सभागृहात चुळबुळ होते. एक माजी नगरसेवक घड्याळ बघतो. "शाळा घेताय काय वस्ताद?" वस्ताद लक्ष देत नाहीत. आखाड्यात दोन पोरांना झोंबायला लावावं तसे ते हात मांडीवर ठेवून बसले आहेत. पोरगा चिडला आहे, त्याला हे कमीपणाचं वाटतं आहे. पण वस्तादांपुढून निघून जाणं त्याहून कमीपणाचं. तो निळ्या शर्टाकडे बघतो, बैठक सुरू झाल्यापासून पहिल्यांदा सरळ बघतो, आणि चाचरत म्हणतो, "म्हणाला... तारीख बदलायला त्याची ना न्हाई. पण गेल्या साली त्यांनी बदलली, यंदा त्यांनीच. आमाला कुणी विचारतच न्हाई तुमी काय बदलणार म्हणून. असं."

"हां," निळा शर्ट म्हणतो. "असं म्हणालो."

आपल्याकडे शास्त्रार्थात ही रीतच होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी सांगायचं, आणि मगच उत्तराला तोंड उघडायचं. पूर्वपक्ष लुळा मांडणारा पंडित सभेत हलका ठरे. आणि त्यासाठी आवाज मऊ हवा असंही नाही. एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद आठवतो. सोळाव्या शतकातली ती रचना, त्यातले दोघं एकमेकांच्या देवाधर्मावर असे तुटून पडतात, की आज कुणी जाहीर वाचलं तर दोन्हीकडून गुन्हे दाखल होतील. पण तुटून पडताना ते एकमेकांचं ऐकतही असतात, समोरच्याचा मुद्दा पकडूनच उत्तर देतात, आणि शेवटी एकमेकांच्या गळ्यात पडतात. चारशे वर्षांपूर्वी पैठणच्या एका ब्राह्मणाला हे लिहिण्याची छाती होती. आज आपण शब्द जपून वापरतो आणि ऐकत काहीच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

"आता तू," वस्ताद निळ्या शर्टाला म्हणतात. "ह्याचं काय म्हणणं हाय?"

"ह्यानं म्हणणं कुठं सांगितलं? शिवी दिली."

"शिवीच्या मागं काय हाय ते सांग. एका गल्लीत वाढलाय तुमी."

बराच वेळ तो बोलत नाही. मग मनाविरुद्ध, टेबलाकडे बघत म्हणतो, "वर्षभर ह्यांना कोण विचारत न्हाई. काम हाय-न्हाई. एक दिवस रस्ता ह्यांचा असतो. त्यात पोलीस नियम सांगतात, आमी तक्रार करतो. म्हणून राग." जरा थांबून, "पण पाकिस्तान कशाला म्हणायचं?"

पोरगा उत्तर देत नाही. माफीही मागत नाही. वस्ताद त्याला मागायला लावत नाहीत.

हे सगळं वर्षातून एकदा करून भागत नाही, हे मला बसल्या बसल्या जाणवत राहतं. 2009च्या सप्टेंबरात मिरजेत अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल झाली, मिरवणुकांच्या जागी संचारबंदी आली, आग सांगली-इचलकरंजीपर्यंत पोचली. तेव्हाही पुढच्याच महिन्यात विधानसभेचं मतदान होतं. शांतता कमिट्या तेव्हाही होत्या. पण सणाच्या आठ दिवस आधी पुढाऱ्यांना चहा पाजून शांतता येत नाही. भिवंडी 1970ला जळली, 1984ला जळली. मग 1988पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी नव्हते, गल्लीतली साधी माणसं होती, दोन्ही धर्मांची, आणि ती सणावारापुरती नाही, नेहमी भेटत होती. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. हे महाराष्ट्राने करून पाहिलेलं आहे, कुठून शिकून आणायचं नाही. तरी आमच्या कमिटीची मागची बैठक गेल्या गणपतीतच झाली होती.

चहा येतो. त्यानंतर कामाचं बोलणं होतं. दादा सुचवतो, की चतुर्दशी हलवता येत नाही, पण वेळ हलवता येते. मिरवणूक संध्याकाळी सहाऐवजी सकाळी अकराला काढू, म्हणजे मगरिबच्या नमाजाआधी मशिदीचा चौक पार होईल. चौकात कुणीच थांबायचं नाही, त्याचं मंडळसुद्धा नाही. पुढच्या वर्षी मंडळांनी आपली वेळ आधी ठरवून जमातीला कळवायची, मग जमातीने आपली ठरवायची. चाचा लगेच होकार देतात आणि न विचारता एक गोष्ट जोडतात: चौकातल्या विजेच्या खांबावरचे झेंडे जुलूस संपल्यावर त्याच रात्री उतरवले जातील, गेल्या वर्षी ते राहिले होते. महावितरणचे अभियंता म्हणतात, खांबाला कुणीच काही बांधू नका, उलट मला बरं. दक्षता समितीच्या बाईंपैकी एक जण पहिल्यांदाच बोलते. चौकात डॉल्बी थांबते तेव्हा बायका गर्दीत अडकतात, काय काय सोसावं लागतं ते पुरुषांना सांगूनही कळत नाही, न थांबण्याचा ठराव आमच्यासाठीसुद्धा करा. साहेब ते वेगळं लिहून घ्यायला सांगतात.

हवालदार इतिवृत्ताच्या वहीत लिहितात, मोठ्याने उच्चार करत, सर्वानुमते ठरले की. मागच्या मंडळाचा अध्यक्ष उभा राहतो. "मी कुठं मत दिलं? मी सही करणार न्हाई."

पीआय साहेब थकले आहेत. "अहो अध्यक्ष, एवढं झाल्यावर..."

"त्याचा विरोध लिवा," वस्ताद म्हणतात. "न लिवता सही घेतलासा, तर त्यो बाहेर जाऊन सांगणार, दाबून घेतली."

हवालदार साहेबांकडे बघतात. साहेब मान हलवतात. ओळ खोडली जाते. "विरोधाचं कारण सांगा."

"माझ्या मंडळातली निम्मी पोरं गिरणीत हायत, बाकीची दुकानांत. मंगळवार हाय. अकराला कोण येणार? रिकामा ट्रॅक्टर फिरवू का मी?"

हवालदार ते जसंच्या तसं लिहितात आणि वाचून दाखवतात. डावीकडे कुणी तरी म्हणतं, बहाणा आहे, त्याला दादाचं ऐकायचं नाही. तेवढ्यात निळा शर्ट उठतो. तो मघापासून टेबलाजवळच एका स्टुलावर बसलेला आहे.

"बहाणा न्हाई साहेब. ह्याची पोरं माझ्या पाळीला असत्यात. पहिली पाळी तीनला सुटती. त्या आधी एकालाही सोडत न्हाईत, मला जुलुसाला पण सोडत न्हाईत."

अध्यक्ष त्याच्याकडे बघतो. "मग साडेतीनला काढू?"

"साडेतीनला निघाली, तर सूर्य बुडायच्या आत चौक पार हुतो का ते सांगा. साडेसहाला अजान हाय."

"न थांबता? देवळापासनं चौक किती लांब हाय रे?"

"आमचा टेम्पो रोज जातो," दादा म्हणतो, "पण टेम्पोचं सोडा, ट्रॅक्टर आणि माणसं..."

जोशीबुवा सूर्यास्ताची वेळ सांगतात. चाचा म्हणतात, पाच-दहा मिनिटं इकडं-तिकडं झाली तर ढोल तेवढे थांबवा, चालत राहा. 'पाकिस्तान'वाला पोरगा मागून ओरडतो, आमचा ट्रॅक्टर पुढं लावा, मागं राहिलो तर आमीच अडकणार. हवालदार वहीचं पान उलटतात आणि विचारतात, "मंडळांचा क्रम आत्ताच लिहू का?"